जिन कशी बनते, कशी प्यावी : नवख्यांसाठी, गोव्याच्या बाटलीपासून

बाटली विकत घेण्याआधी स्वयंपाकघरात जा. डब्यातले पाच-सहा धणे घ्या, खलबत्त्यात एकदाच ठेचा आणि लगेच नाकाशी धरा. पूड होऊ द्यायची नाही, दाणा नुसता फुटला पाहिजे. पहिल्या दोन-तीन श्वासांत येणारा वास आमटीचा नसतो. तो लिंबाच्या सालीच्या जवळचा असतो, थोडासा फुलासारखा. दहा मिनिटांनी तेच धणे पुन्हा हुंगा. वरचा वास उडून गेलेला असतो आणि खाली आपला ओळखीचा, घरगुती धण्याचा वास उरलेला असतो. हा फरक नाकाला कळला की जिन कळायला सुरुवात झाली.

मग हिरव्या वेलचीचा दाणा घ्या. ताज्या संत्र्याचं साल दुमडून दाबा आणि त्यातून उडणारा बारीक फवारा हुंगा. आल्याची चकती घ्या, बडीशेप घ्या. हे सगळे जिन्नस गोव्यात बनणाऱ्या कुठल्या ना कुठल्या जिनमध्ये आहेत. घरात नसतो तो एकच, आणि नेमका तोच सगळ्यात महत्त्वाचा: ज्युनिपर.

ज्युनिपर हे नाव परकं वाटतं, पण आयुर्वेदाला तो जुनाच माहीत आहे. संस्कृतात हपुषा, हिंदीत हाऊबेर. काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात हाऊबेर मागितलं की काळपट, सुरकुतलेले छोटे दाणे पुडीत बांधून मिळतात. एक दाणा नखाने फोडा. पावसात भिजलेलं देवदाराचं लाकूड, रंगाच्या डब्याशेजारचं टर्पेंटाइन आणि मागून मिरी, असा काहीसा वास येईल. हे दाणे फक्त हुंगायला आणायचे. ज्युनिपरच्या काही जाती विषारी असतात आणि पुडीत नेमकी कोणती जात आहे हे आपल्याला ओळखता येत नाही. त्यामुळे ते कशातही भिजवून प्यायचं नाही.

मी स्वतः हे सगळं उलट्या क्रमाने केलं. कित्येक वर्षं जिन म्हणजे माझ्यासाठी टॉनिक (कडसर-गोड सोडापेय), बर्फ आणि पिळलेलं अर्धं लिंबू एवढंच होतं. त्या ग्लासात जिनच्या जागी दुसरं काही ओतलं असतं तरी मला समजलं नसतं. म्हणून नव्या माणसाला मी आधी मसाल्याचा डबा उघडायला लावतो.

जिन म्हणजे काय

जिन म्हणजे ज्युनिपरचा वास प्रामुख्याने असलेलं मद्य. एवढी एकच अट सगळीकडे सारखी आहे. बाकी धणे, साली, मुळं, फुलं, काय घालायचं ते बनवणाऱ्याने ठरवावं. आपल्याकडे गोड्या मसाल्याचं असंच असतं. दगडफूल आणि नागकेशर आलं की तो गोडा मसाला, पण प्रमाण विचाराल तर प्रत्येक घराचं वेगळं, आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं.

युरोपच्या कायद्यात तीन पायऱ्या आहेत. साधी ‘जिन’ म्हटली की मद्यार्कात वास नुसते मिसळले तरी चालतं. ‘डिस्टिल्ड जिन’ म्हणजे ज्युनिपर आणि इतर जिन्नस घालून पुन्हा ऊर्ध्वपातन केलेलं मद्य. त्यात नंतरही थोडे वास घालायची मुभा असते. ‘लंडन जिन’चे, म्हणजे बाटलीवरच्या ‘लंडन ड्राय’चे, नियम सगळ्यात कडक आहेत. सगळा वास भट्टीतूनच यायला हवा, नंतर पाण्याखेरीज जवळजवळ काही घालता येत नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमहून जास्त चालत नाही. नावात लंडन असलं तरी ती लंडनमध्येच बनली पाहिजे असं मुळीच नाही. ही पद्धत आहे, गावाचा शिक्का नव्हे. गोव्यातही लंडन ड्राय बनते.

तीव्रतेचंही असंच. युरोपात किमान ३७.५ टक्के, अमेरिकेत ४०. भारतीय बाटलीवर मात्र वारंवार ४२.८ हा विचित्र आकडा दिसतो. तो इंग्रजांच्या जुन्या ‘प्रूफ’ मापातून आला आहे. त्या मापात ‘२५ अंडर प्रूफ’ म्हणजे आजचे ४२.८ टक्के. इंग्रज गेले, मापही गेलं, आकडा राहिला. त्यात आपला फायदाच झाला, कारण दोन-तीन टक्के जास्त मद्यार्क म्हणजे वास धरून ठेवायला थोडी जास्त जागा.

भट्टीवर काय होतं

इथे जरा थांबतो, कारण नव्या माणसाचे बहुतेक गैरसमज इथलेच असतात.

डिचोलीकडे आमच्या एका मामांची काजूची भट्टी आहे. मार्च ते मे तिकडे गेलं की हवेत बोंडांचा वास भरलेला असतो. बोंडं तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, घालून खाली लाकडं पेटवायची. पहिल्या खेपेला निघतं ते उर्राक, सिंधुदुर्गात ज्याला हुर्राक म्हणतात ते. पुन्हा भट्टीवर चढवलं की फेणी. मामांना मी एकदा पणजीत घेतलेल्या जिनचा घोट दिला. त्यांनी बराच वेळ हुंगलं आणि विचारलं, “हातूंत फळ खंय आसा?” यात फळ कुठे आहे?

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. फेणीत फळ असतं. बोंडाच्या आंबलेल्या रसातूनच मद्यार्क तयार होतो आणि त्या रसाची आठवण घेऊनच तो भाणाबाहेर पडतो. जिनचं तसं नाही. जिनची सुरुवात होते जवळजवळ निर्गंध, निर्गुण मद्यार्कापासून. धान्याचा किंवा मळीचा मद्यार्क इतक्या वेळा शुद्ध केलेला असतो की तो ९६ टक्क्यांपर्यंत पोचतो आणि मूळ कशाचा होता ते नाकाला सहज सांगता येत नाही. कारखान्यांत त्याला ‘ईएनए’ म्हणतात, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. पाटी आधी स्वच्छ पुसून घ्यायची आणि मग तिच्यावर ज्युनिपर, धणे, साली असं एकेक अक्षर काढायचं. मामांना हे पटलं, पण आवडलं नाही. ते म्हणाले, फळाशिवाय भट्टी म्हणजे फोडणीचा वास आणि भाजी नाही. मी त्यांच्याशी सहमत नाही, पण दोन मद्यांमधला फरक यापेक्षा नेमका मला कुणी सांगितलेला नाही.

तर पहिलं काम: ९६ टक्क्यांच्या मद्यार्कात पाणी घालून तो साधारण ५० ते ६० टक्क्यांवर आणतात. निव्वळ कडक मद्यार्क तापवणं धोक्याचं असतं. शिवाय पाणी आणि मद्यार्क दोन्ही असले तर जिन्नसांतले वेगवेगळे वास नीट उतरतात.

दुसरं काम भिजवण्याचं. ज्युनिपर आणि धणे बहुतेक ठिकाणी रात्रभर भिजत ठेवतात, काही जण भट्टी पेटवायच्या आधी थोडाच वेळ भिजवतात. ताजी सालं आणि फुलं जास्त भिजवली तर त्यांचा ताजेपणा जाऊन शिजल्यासारखा वास येतो. नाजूक जिन्नसांसाठी आणखी एक युक्ती आहे. ते मद्यार्कात बुडवायचेच नाहीत, वरच्या जाळीच्या टोपलीत ठेवायचे आणि खालून येणारी वाफ त्यांच्यातून जाऊ द्यायची. बॉम्बे सफायर या इंग्लंडमधल्या जिनची हीच पद्धत आहे. तिचे दहाच्या दहा जिन्नस वाफेच्या वाटेवर ठेवलेले असतात. १९८०च्या दशकात बाजारात आलेल्या या बाटलीच्या नावात आपलं शहर आहे, पण ती बनते हॅम्पशरमध्ये. जाळीतल्या वाफेचा परिणाम समजायला मोदकपात्र आठवा. हळदीच्या पानावर उकडलेल्या मोदकाला पानाचा वास लागतो, पानाचा कडवटपणा लागत नाही.

तिसरं काम म्हणजे प्रत्यक्ष ऊर्ध्वपातन. तांब्याचं भांडं, खाली मंद आच, वर वाफ, पुढे ती थंड होऊन थेंब. तांबं केवळ शोभेसाठी नसतं. गंधकाचे नकोसे वास ते पकडून ठेवतं. सुरुवातीला जे थेंब येतात त्यांत सालींचे हलके, चटकन उडणारे वास असतात. मग ज्युनिपर आणि धणे जोरात येतात. शेवटी मुळं आणि जड मसाले, आणि त्यांच्याही मागून उकडलेल्या, करपट वासाची शेपटी. बनवणारा अगदी पुढचं आणि अगदी मागचं बाजूला काढतो, मधला गाभा ठेवतो. कुठे कापायचं हे ठरवताना तो यंत्राबरोबर नाकावरही विसंबतो.

आणि इथेच एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भट्टीतून फक्त उडणारं तेवढंच वर चढतं. हळदीचा रंग चढत नाही, मिरीचा तिखटपणा चढत नाही, ज्येष्ठमधाची गोडी चढत नाही, लिंबाचा आंबटपणा तर मुळीच चढत नाही. चढतो तो त्यांचा वास. म्हणून हळद घातलेली जिनही पाण्यासारखी स्वच्छ असते, आणि चार प्रकारच्या लिंबू-संत्र्यांच्या साली घातलेली जिन जिभेला जराही आंबट लागत नाही. नाक म्हणतं ‘लिंबू’, जीभ म्हणते ‘कुठे आहे?’ या दोघांच्या भांडणात जिनची सगळी मजा आहे. निळी जिन दिसली तर समजा, रंग भट्टीनंतर घातला आहे. बऱ्याचदा तो गोकर्णाच्या फुलांचा असतो आणि आंबट काही पडलं की जांभळा होतो. दिसायला सुंदर, पण मग ती लंडन ड्राय राहत नाही.

शेवटी गाभ्यात शुद्ध, क्षार काढलेलं पाणी हळूहळू घालून ४२-४३ टक्क्यांवर आणतात आणि काही दिवस शांत ठेवतात. व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं पिंपात मुरवायची गरज नसते. म्हणून नव्या कारखान्याला जिनपासून सुरुवात करणं परवडतं. गोव्यात इतक्या झपाट्याने इतक्या जिन का आल्या, याचं एक मोठं कारण हेच आहे.

घरी हे करून पाहू नका. आपल्या देशात विनापरवाना घरगुती भट्टी लावणं हा गुन्हा आहे. आणि मद्यार्क कुठून आला हे माहीत नसणं म्हणजे काय, ते २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत दिसलं. विषारी मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तिथे शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉल वासावरून ओळखता येत नाही, माझ्या-तुमच्या नाकाला तर नाहीच.

पहिली बाटली कोणती

मी दोन सुचवतो, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत. नाओ स्पिरिट्सने २०१७ मध्ये गोव्यात ‘ग्रेटर दॅन’ काढली. भारतात छोट्या प्रमाणावर, निगुतीने जिन बनवायची आजची लाट तिच्यापासून सुरू झाली. ती सरळ लंडन ड्राय आहे. ज्युनिपर मॅसिडोनियाचा, सोबत धणे, बडीशेप, आलं, गवती चहा, कॅमोमाइलची फुलं, संत्र्याची साल. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘हपूसा’ आणली. नाव अर्थातच हपुषावरून. हिचा ज्युनिपर हिमालयातला आहे, आणि सोबत आंबा, हळद, बंगालचं गंधराज लिंबू, धणे, वेलची, आलं आणि बदाम.

दोन्ही शेजारी ठेवून हुंगल्या की ज्युनिपरचा मुलूख बदलला म्हणजे काय होतं ते समजतं. पहिलीतला ज्युनिपर टोकदार, हिरवा, स्वच्छ. दुसरीतला जमिनीच्या जवळचा, मातकट, थोडा धुपासारखा. लडाखमध्ये ज्युनिपरच्या डहाळ्या धूप म्हणून जाळतात हे मला नंतर कळलं, पण नाकाने आधीच देऊळ आठवलं होतं. ज्युनिपरचा दाणा म्हणजे खरं तर फळ नव्हे. पाइनच्या सुळक्यासारखा तो शंकू असतो, फक्त मऊ आणि मांसल झालेला. त्याला पिकायला दीड ते तीन वर्षं लागतात आणि एकाच फांदीवर हिरवे नि निळे दाणे शेजारी असतात. त्यामुळे तोडणाऱ्याला हाताने निवडावं लागतं.

दोन बाटल्यांचा खर्च नको असेल तर सुरुवात ग्रेटर दॅनने करा. आधी सरळ वरण-भात, मग मसालेभात.

तिसरं नाव ‘स्ट्रेंजर अँड सन्स’. तीही गोव्याचीच, थर्ड आय डिस्टिलरीची, २०१८ पासूनची. साली हा तिचा जीव आहे: गंधराज, साधं लिंबू, नागपुरी संत्र आणि बर्गामोट हे लिंबू-संत्र्याच्या कुळातलं सुवासिक फळ, आणि मागे मिरी, जायफळ, जायपत्री, दालचिनीची भावंडं. सालं काढून उरलेल्या फळांचं गोव्यातल्या महिलांकडून लोणचं घालून घेतात, ही गोष्ट मला त्या जिनइतकीच आवडते. नागपुरी संत्र्याचा वास ज्याच्या लहानपणात आहे त्याने ही एकदा तरी हुंगून बघावी.

अगदी स्वस्त बाटलीत बहुधा मद्यार्कात ज्युनिपरचा अर्क मिसळलेला असतो. ती वाईटच असते असं नाही, पण शिकायला उपयोगी पडत नाही. तिच्यात वासाचे थर नसतात, एकच वास सपाट येतो आणि लगेच जातो.

घेताना कायदा पाळा. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ आहे, गोव्यात २१. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे तिन्ही मिळतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते गोव्याहून परतताना. ‘गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेली बाटली, तिचा तिथला कर भरलेला असला तरी, महाराष्ट्रात विनापरवाना आणता येत नाही. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या थांबवून तपासतात. वर सांगितलेल्या जिन मुंबई-पुण्यातही मिळतात, किंमत जास्त पडते. तीच द्यावी.

पहिला घोट

पहिल्या दिवशी टॉनिक उघडायचं नाही.

छोटा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. साबणाचा वास राहिलेला नको. आमच्याकडे एकदा अख्खी संध्याकाळ जिनमध्ये ‘लिंबाचा फार छान वास’ येत होता, तो भांडी घासायच्या साबणाचा निघाला. तेव्हापासून मी ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुऊन उपडा वाळवतो.

साधारण १५ मिलिलिटर जिन ओता. बर्फ नको. ग्लास नाकापासून चार बोटं लांब धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळू श्वास घ्या. नाक ग्लासात खुपसलं तर मद्यार्काचा झटका बसतो आणि पुढचे काही क्षण काहीच कळत नाही. आधी काय येतं? बहुतेक वेळा साली. मग ज्युनिपर. मग धणे. नावं सापडली नाहीत तर जागा सांगा: देव्हारा, बाग, वाण्याचं दुकान, आजीचं कपाट. वासाची आठवण नावाआधी जागेला चिकटलेली असते, निदान माझी तरी.

आता तेवढंच साधं पाणी घाला, खोलीच्या तापमानाचं. हे फार महत्त्वाचं. २१-२२ टक्क्यांवर मद्यार्काची आग विझते आणि मागे दबलेले वास पुढे येतात. पाणी घातल्यावर जिन किंचित दुधाळ झाली तर घाबरू नका. जिन्नसांतली तेलं मद्यार्कात विरघळलेली असतात, पाणी वाढलं की ती बाहेर पडून धुकं तयार होतं. तेल भरपूर आहे एवढाच त्याचा अर्थ.

मग घोट. छोटा, जिभेवर सगळीकडे फिरवलेला. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. वासाचा दुसरा हप्ता तिथे मिळतो. हपूसात या वेळी आलं आणि हळद येतात. आधी नुसतं हुंगताना ती लपलेली असतात.

आणि एक वही ठेवा. दोन ओळी पुरेत.

टॉनिक

आता टॉनिक. सिंकोनाच्या सालीत क्विनीन असतं. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. हिवतापावर तेच औषध होतं आणि ते भयंकर कडू होतं. इंग्रजांनी १८६०च्या दशकात निलगिरी आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाचे मळे लावले, महाबळेश्वरला लिंगमळ्यातही लागवड करून पाहिली, पण ती टिकली नाही. कडू औषध सोडा आणि साखरेबरोबर बाटलीत आलं. १८५८ मध्ये लंडनच्या एरास्मस बाँडने त्याचं पेटंट घेतलं. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन चवीपुरतंच असतं, त्याने हिवताप बरा होणार नाही. गरोदर बायकांनी आणि ज्यांना डॉक्टरांनी क्विनीन टाळायला सांगितलं आहे त्यांनी टॉनिकसुद्धा घेऊ नये.

प्रमाण: ४५ मिलिलिटर जिनला १०० ते १२० टॉनिक. बारमध्ये बहुतेक वेळा ३० मिलिलिटरचा पेग देऊन ग्लास टॉनिकने काठोकाठ भरतात. मग उरते साखर आणि कडवटपणा. टॉनिक वेगळं मागा आणि स्वतः ओता. एका ठिकाणी मला मोठ्या बाटलीतलं, सकाळपासून उघडं राहिलेलं टॉनिक मिळालं होतं, बुडबुडा नावालाही नव्हता. घरी त्यासाठी २०० मिलिलिटरची छोटी बाटलीच आणा आणि ती आधी फ्रीजमध्ये चांगली गार करा. टॉनिकमध्ये साखर भरपूर असते. मागचं लेबल वाचा, आणि जमलं तर कमी साखरेचं घ्या.

बर्फ खूप हवा. ऐकायला उलट वाटतं, पण थोडा बर्फ लवकर वितळतो आणि जिन पाणचट करतो. भरपूर बर्फ एकमेकांना गार ठेवतो. आपल्या उकाड्यात फ्रीजच्या ट्रेमधले छोटे खडे टिकत नाहीत. मी स्टीलच्या वाटीत पाणी गोठवतो. एक वाटी, एक ग्लास. फक्त फ्रीजरमध्ये शेजारी मासळी किंवा लसणाची चटणी नको. बर्फ वास पटकन ओढून घेतो.

आधी बर्फ, मग जिन, मग टॉनिक ग्लासाच्या कडेने हळू. चमच्याने एकदा खालून वर उचला. ढवळत बसलात तर बुडबुडे जातात.

वरून काय घालायचं याचं सूत्र सोपं आहे. जिनमध्ये जे आहे त्याचाच एक तुकडा द्या. स्ट्रेंजर अँड सन्सला संत्र्याची सालपट, ग्लासावर दुमडून फवारा उडवलेली. हपूसाला कैरीची पातळ फोड, एप्रिलमध्ये तर नक्कीच. ग्रेटर दॅनला गवती चहाची पात, बोटांनी चुरडून. लिंबू पिळायचं असेल तर चार थेंब. भट्टीतून आंबटपणा येत नाही हे वर सांगितलंच, म्हणून थोडं आंबट चांगलं लागतं. पण अर्धं लिंबू पिळलं की बाकी सगळे वास मुके होतात. कोकणातून ईडलिंबू आलं असेल तर त्याची जाड साल वापरा, तिच्यापुढे कागदी लिंबू फिकं.

कोकम बऱ्याच जणांना सुचतं. आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं. अमृतकोकम चमचाभर घ्या आणि टॉनिकऐवजी सोडा. कोकमाची साखर आणि टॉनिकची साखर एकत्र आली की सरबत होतं, जिन राहत नाही.

किती

३० मिलिलिटर जिनमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, मोठ्या पेगमध्ये २०. वर सांगितलेला ग्लास बर्फ थोडा वितळल्यावर दहा-अकरा टक्क्यांचा होतो, म्हणजे जवळपास वाइनइतका. पण तो सरबतासारखा लागतो, आणि धोका तिथेच आहे. आमच्या घरी एका बैठकीला एक ग्लास, फार तर दोन, आणि शेजारी पाण्याचा तांब्या. रिकाम्या पोटी नाही. भाजलेले शेंगदाणे, काकडी, तळलेली बोंबलाची काप असं काहीतरी हवंच. गाडी चालवायची असेल तर एक थेंबही नको. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती कधी ओलांडली हे आतून कळत नाही. जो पीत नाही त्याला जिन शिकवायला जाऊ नका. वास घेऊ द्या, तेवढ्यावर तोही खूश असतो. आमच्याकडे आईच सगळ्यात अचूक हुंगते, आणि तिने आजवर घोट घेतलेला नाही.

बाटली आणि ग्लास

उघडलेली बाटली नासत नाही, पण अर्ध्याच्या खाली गेली की वरची हवा हळूहळू सालींचे वास घेऊन जाते. उन्हापासून दूर, उभी ठेवा आणि सहा-आठ महिन्यांत संपवा. फ्रीजरमध्ये ठेवायची पद्धत आहे, पण गारठलेली जिन वास सोडत नाही. शिकायच्या काळात ती कपाटातच बरी.

प्यायलेला ग्लास त्या रात्री धुऊ नका. नुसत्या जिन आणि पाण्याचा असेल तर उत्तम. ओट्यावर तसाच ठेवा आणि सकाळी चहाच्या आधी हुंगा. साली, ज्युनिपर, मद्यार्क सगळं उडून गेलेलं असतं आणि तळाशी फक्त जड वास राहिलेले असतात. हपूसाच्या ग्लासात मला सकाळी ओली माती आणि वेलची येते. तुम्हाला दुसरं काही येईल. ते वहीत लिहा आणि मग ग्लास धुवा.